राजकन्येचं नाव

वीस वर्षांनी आपल्याच घरी आलेला राजा भिकाऱ्याचं सोंग का घेतो, हे तातू मालकांना काही केल्या पटेना.

"घर तेचा, बायल तेची, राज्य तेचा," ते म्हणाले. "मगे भीक कित्याक मागता?"

"घराची परीक्षा पाहायला," चिंदरकर सर म्हणाले. "आपल्यामागे कोण आपलं राहिलं आणि कोण फिरलं, हे त्याला आधी बघायचं असतं."

तातू मालक म्हणजे आमच्या दशावतारी कंपनीचे मालक. चिंदरकर सर तालुक्याच्या कॉलेजात शिकवायचे आणि ग्रीक लोकांच्या जुन्या महाकाव्यावर त्यांचा भारी जीव. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात रामायण-महाभारतातलं आख्यान नको, आपल्या दशावताऱ्यांनी ग्रीकांची कथा करून दाखवावी, असं त्यांनी डोक्यात घेतलं होतं. त्यासाठी ते मालकांच्या पडवीत येऊन बसले होते आणि सगळी कंपनी त्यांच्याभोवती गोळा झाली होती. मी पडवीच्या टोकाला बसून दादाच्या शालूला काठ लावत होते. माझा भाऊ रघुवीर कंपनीतला स्त्रीपार्टी. दशावतारात बायकांची कामं पुरुषच करतात. पण दादा राणी होऊन रंगमंचावर आला की पुढे बसलेल्या बायका नकळत आपापला पदर सारखा करायच्या, एवढं त्याचं काम चोख.

सरांनी कथा सांगितली. राजा युद्धाला गेला. दहा वर्षं युद्ध, दहा वर्षं समुद्रात भटकणं. इकडे राजवाड्यात मागणी घालणारे सरदार येऊन ठाण मांडून बसले. राजा मेला, आता आमच्यातला एक निवड, म्हणून राणीच्या पाठीस लागले. राणीने त्यांना झुलवत ठेवलं, पण कुणाला वरलं नाही. शेवटी राजा भिकाऱ्याच्या वेषात आला, त्याने एकेकाला कापून काढलं, आणि मग नवरा-बायकोची भेट झाली. मधल्या काळात राजा कुठल्याशा बेटावर एका बाईकडे बरीच वर्षं राहिला होता, तेवढं सरांनी जरा घाईत सांगितलं.

"आनि राणीन ह्या सगळ्यात काय करूचा?" दादाने विचारलं.

"राणी वाट पाहते," सर म्हणाले. "निष्ठा म्हणजे काय, ते तिच्याकडून शिकावं. आणि एवढी वाट पाहूनही ती त्याच्या गळ्यात पडत नाही. आधी त्याची परीक्षा घेते. अशी एक गोष्ट विचारते, जी फक्त त्या दोघांनाच ठाऊक असते. मूळ कथेत ती गोष्ट त्यांच्या पलंगाची आहे."

"आमच्याकडे पलंग नाय, एक बाकडा आसा," मालक म्हणाले. सगळे हसले. दशावतारात सामान म्हणून एक लाकडी बाकडं असतं. तेच सिंहासन, तोच डोंगर, तीच होडी.

"मग पलंगाऐवजी दुसरं काही घ्या."

"मी इचारतंय काय ता," दादा म्हणाला. "तुमी काळजी करू नुको."

सरांना वाटलं, आता बसून संवाद लिहायचे. त्यांनी पेन काढलंसुद्धा. मालकांनी त्यांना ते खिशात ठेवायला लावलं. आमच्यात संवाद कुणी लिहीत नाही. मालक कथा सांगतात, कामं वाटतात, आणि पुढे रंगमंचावर ज्याचं त्याने बोलायचं. समोरच्याने काहीही विचारलं तरी उत्तर द्यायचंच. अडखळला तो पडला. 'माका ठावक नाय' हे शब्द रंगमंचावर कुणी कधी उच्चारले नाहीत. त्यावरच राजपार्टीची, म्हणजे राजाचं काम करणाऱ्याची, किंमत ठरते.

आणि या कामात आत्मारामाचा हात धरणारा राजपार्टी आमच्या भागात दुसरा नव्हता. तो त्या दिवशी पडवीत मालकांच्या शेजारी बसला होता, अंगात मलमलचा सदरा, बोटात चांदीची अंगठी. भिकाऱ्याचं सोंग घेऊन आलेला राजा मीच करणार, हे त्याने कथा अर्धी ऐकूनच जाहीर केलं होतं. माझ्याकडे त्याने एकदा पाहिलं आणि हसला. आत्माराम माझा नवरा.

नऊ वर्षांपूर्वी गोव्याच्या एका नाटक कंपनीने त्याला बोलावलं. दसऱ्याला येतो म्हणून गेला आणि गेलाच. पत्ता नाही, निरोप नाही. तिकडे कुणीतरी बाई आहे असं कानावर आलं, आणि ते सांगणाऱ्यांनी अगदी जिवाभावाने, घरी येऊन सांगितलं. मी दादाच्या आधाराने राहिले. मी झुलवत ठेवावेत असे कुणी सरदार माझ्याकडे आले नव्हते. सोडून गेलेल्या दशावताऱ्याच्या बायकोला मागणी घालायला कोण येतंय? पण मावसभावाने रत्नागिरीकडचं एक बिजवराचं स्थळ आणलं होतं खरं. मी नाही म्हटलं. निष्ठा वगैरे मला तेव्हा सुचलं नव्हतं. माझ्याजवळ तेव्हा वेगळं काम होतं.

आत्माराम निघाला तेव्हा मला चौथा महिना होता. त्याला ते चांगलं ठाऊक होतं. निघायच्या आदल्या दिवशी त्यानेच मला परसातल्या झाडाच्या कैऱ्या पाडून दिल्या होत्या.

ती गोव्याची कंपनी मोडली तेव्हा तो एक ट्रंक घेऊन परतला, तो थेट खाडीपलीकडे मालकांच्या घरी उतरला. मालकांचा राजपार्टी नुकताच दुसऱ्या कंपनीत गेलेला. त्यांनी आत्मारामाला ओवाळायचं तेवढं बाकी ठेवलं. दोन दिवसांनी मालकच त्याला आमच्याकडे घेऊन आले. मी जेवायला वाढलं. त्याने माशाचं सार दोनदा मागून घेतलं. परसातला फणस लागतो का, हे विचारलं. छपराची कौलं बदललीत का, हे विचारलं. गोठ्याकडे बघून ही गाय नवी का, हेही विचारलं. गोव्यात मिळालेल्या पदकाची गोष्ट सांगितली. हात धुवून पडवीत बसला आणि म्हणाला, "शेवंते, वाईट झालो मी. पण माणूस परत येता, ह्या काय थोडा आसा?"

घरात पोर दिसत नव्हतं. दोरीवर लहान कपडा नव्हता. त्याची नजर सगळीकडून फिरून आली, पण ते त्याने विचारलं नाही.

मालक त्याला घेऊन गेले. दादा गोठ्यात चांदणीचं दूध काढायला बसला होता. कपाळावर पांढरा ठिपका म्हणून ती चांदणी. गरीब गाय, पण दादाशिवाय कुणाला हात लावू द्यायची नाही. मी जाऊन दाराशी उभी राहिले.

"सांगू काय तेका?" दादाने मागे न बघता विचारलं.

"नुको."

"मगे?"

"तेका इचारूंदे."

"आनि इचारल्यान तर?"

खोटं कशाला सांगू, मला तो परत हवा होता. नऊ वर्षांचा राग होता, पण त्याच्या खालीही काहीतरी होतंच. मी मनाशी एवढंच ठरवलं होतं, की त्याने आपण होऊन एकदा विचारावं. 'पोराचं काय झालं' एवढं. मग मी दार उघडीन. त्या बाईचं नाव काढणार नाही, नऊ वर्षांचा हिशेब मागणार नाही.

"इचारल्यान तर घरात घेतलंय," मी म्हणाले.

दुधाची धार तेवढी जोरात पडायला लागली.

त्यानंतर तालमीच्या निमित्ताने आत्माराम रोज दादाला भेटत होता. दोनदा आमच्याकडेही येऊन गेला. काकडीची भाजी छान झाली म्हणाला. खाडीपलीकडच्यांनी त्याला काही सांगितलं नाही. अशी गोष्ट आपण होऊन कुणी काढत नाही, प्रत्येकाला वाटतं दुसऱ्याने सांगितलीच असेल. दादा रोज संध्याकाळी घरी यायचा आणि मी काही विचारण्याआधीच मान हलवायचा. शेवटी खेळाचा दिवस उजाडला.

कॉलेजच्या पटांगणात भर दुपारी मांडव घातला होता. आमच्या वाडीतल्या बायका टेंपो करून आल्या होत्या. पुढे मास्तर मंडळी, मागे मुलं-मुली, बाजूला आम्ही. माझ्याशेजारी गुणाकाकी बसली होती. गुणाकाकी म्हणजे आमच्या घराला लागून घर. माझ्या बाळंतपणात तीच सुईण, तीच आई.

खेळ सुरुवातीपासून रंगला. मागणी घालणारे सरदार म्हणजे आमचे राक्षसपार्टी, त्यांनी पत्र्याच्या तलवारी घेऊन मांडव दणाणून सोडला. आत्माराम भिकारी होऊन आला तेव्हा पोरांनी शिट्ट्या मारल्या. आणि त्याने अंगावरची घोंगडी फेकून तलवार उपसली तेव्हा तर चिंदरकर सर खुर्चीतून उभेच राहिले. एकेक सरदार आडवा झाला. पखवाजवाल्या धोंडूने शेवटच्या थापेला हात उंच नेला, आणि मग सगळं शांत झालं. बाकड्यावर राणी बसली होती. समोर राजा उभा होता.

"राणी, शत्रू संपले. आता तरी ओळख दे," आत्माराम म्हणाला.

दादाने पदर सावरला. "महाराज, रणात शत्रू ओळखणं सोपं असतं. घरात आलेल्या माणसाला ओळखणं अवघड. मला आपली परीक्षा घ्यावी लागेल."

"विचार. ज्याने समुद्राला उत्तर दिलं, तो तुझ्या प्रश्नाला डरणार नाही."

टाळ्या पडल्या. त्या थांबेपर्यंत दादा थांबला.

"आपण युद्धाला निघालात, तेव्हा मला चौथा महिना होता. आदल्या दिवशी आपण मला आपल्या हाताने कैऱ्या पाडून दिल्यात. महाराज, परत आल्यापासून आपण सगळं विचारलंत. वाड्याची कौलं विचारलीत, झाडाची फळं विचारलीत. सांगा, त्या बाळाचं काय झालं?"

माझ्या हातातला रुमाल मी घट्ट धरला. दादाने मला सांगितलं नव्हतं तो हे विचारणार म्हणून. सरांनी सांगितलेली, दोघांनाच ठाऊक असलेली गोष्ट त्याने शोधली होती. गुणाकाकीने माझ्याकडे वळून पाहिलं.

आत्मारामाने एक पाऊल मागे घेतलं. मला वाटलं, कळलं त्याला. आता अडखळेल. अडखळला तर चालेल मला. सगळ्या कॉलेजसमोर गप्प राहिला, रंग लावलेलं तोंड हातात घेऊन खाली बसला, तरी मी उठून त्याला घरी नेईन.

तो अडखळला नाही. तो दोन पावलं पुढे आला आणि प्रेक्षकांकडे वळला.

"बाळ! राणी, समुद्राच्या लाटेलाटेवर मी त्याचंच मुख पाहिलं. तो माझा पुत्र, माझा युवराज! आज तो मिसरूड फुटलेला वीर झाला असेल. कुठे आहे तो? त्याच्या खांद्यावर हात ठेवल्याशिवाय हा राजा सिंहासनावर बसणार नाही!"

मांडव टाळ्यांनी भरून गेला. दादा गप्प. समोरच्याचं बोलणं संपल्यावर दादा कधी गप्प राहिला नव्हता. धोंडूने मोकळी जागा भरायला पखवाजावर दोन थापा टाकल्या, पायपेटीवाल्याने सूर धरला.

"पुत्र नव्हता, महाराज," दादा म्हणाला. हा आवाज राणीचा नव्हता, आमच्या घरातला होता. "मुलगी होती."

आत्मारामाच्या डोळ्यांत चमक आली. मी ती ओळखते. समोरच्याने चांगला चेंडू टाकला की राजपार्टीच्या डोळ्यांत ती येते.

"राजकन्या! मग तर माझं भाग्य दुणावलं! बोलवा तिला. कुणीतरी माझ्या कमलनयनेला बोलवा!"

"ती नाही. साडेचार वर्षांची झाली होती. ताप आला. वैद्याकडे मीच तिला खांद्यावरून नेली. एरवी ती खांद्यावरून उतरायचा हट्ट धरायची. येताना धरला नाही."

हे मला ठाऊक नव्हतं. म्हणजे माझी बाय गेली ते ठाऊक होतं, दादा तिला घेऊन अंगणात आला ते मी पाहिलं होतं. पण त्या वाटेवरचं दादाने मला कधी सांगितलं नव्हतं. मला त्या मांडवात बसवेना, पण उठताही येईना. गुणाकाकीने माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला.

आणि आत्माराम रडला. काय रडला म्हणून सांगू. आधी तलवार हातातून गळाली. मग छातीवर हात ठेवून तो बाकड्याला धरून खाली बसला, आणि कमलनयने, कमलनयने अशा हाका मारत त्याने असा विलाप केला, की कॉलेजच्या पोरी ओढण्यांनी डोळे पुसायला लागल्या. ज्याच्यासाठी समुद्र ओलांडला तो किनाराच नाही, असं काहीतरी तो म्हणाला. चिंदरकर सरांनी चष्मा काढला. आमच्या वाडीतल्या सगळ्या बायका रडल्या. त्या तर बायला अंगाखांद्यावर खेळवलेल्या.

मी रडले नाही. मी त्याच्या तोंडाकडे बघत होते, आणि मला अजून कळत नव्हतं की हे खरं आहे की काय आहे.

खेळ संपल्यावर मी दादाचा डबा घेऊन रंगपटात गेले. कॉलेजच्या एका वर्गात बाकं बाजूला सारून त्यांना रंग पुसायला जागा दिली होती. दादा शालू अर्धा सोडून भिंतीला टेकून बसला होता. आत्माराम खोबरेल तेलाने तोंड पुसत होता, माझ्याकडे त्याची पाठ होती.

"रघू," तो म्हणाला, "ती पोरीची कल्पना तुका सुचली खंयसून रे? झकास जमली. माका वाटला तू युवराज घेतलंस. पण पोरगी, ती पण मेलेली, मेल्या, तू तर माझ्याकडसून सोनाच काढून घेतलंस."

दादाने वर पाहिलं. त्याच्या तोंडाला अजून राणीचा रंग होता, कुंकू तसंच होतं. तो काही बोलायच्या आत दारातून गुणाकाकी आणि बायकांचा घोळका आत आला.

"आत्मारामा," गुणाकाकी पदराने नाक पुसत म्हणाली, "रडलंस रे बाबा लेकीसाठी. तुका ठावक आसा काय नाय, हेचीच आमका चिंता होती. माज्या हातातसून जन्माक इली ती बाय. तुझ्याचसारख्या कपाळ होता."

आत्मारामाचा तेलाचा हात थांबला. त्याने गुणाकाकीकडे पाहिलं. मग दादाकडे. मग वळून माझ्याकडे पाहिलं. अर्धं तोंड राजाचं, अर्धं त्याचं. मी बघतच होते. त्याला सगळं कळायला जेवढा वेळ लागला तेवढा वेळ त्याच्या तोंडावर काहीच नव्हतं, आणि तेवढाच वेळ तो मला खरा वाटला. मी मनात म्हटलं, आता बोल. ठाऊक नव्हतं म्हण.

त्याची हनुवटी थरथरली. डोळे भरून आले.

"बापूस मी, काकी," तो म्हणाला. "काळीज ता काळीज."

बायका पुन्हा रडल्या. एकीने त्याच्या पाठीवरून हात फिरवला. गुणाकाकी माझ्याकडे वळली. "शेवंते, आता राग सोड. माणूस आतसून चांगलो आसा. घे तेका घरात."

मी डबा दादासमोर ठेवला आणि टेंपोत जाऊन बसले. वाटभर सगळ्या मला समजावत होत्या. मी दगडाच्या काळजाची ठरले ती त्याच दिवशी. त्यांचा काही दोष नव्हता. त्यांना रडणं दिसलं होतं; त्याच्या आधीचं बोलणं मी आणि दादाने ऐकलं होतं. घरी आल्यावर दादा जेवला नाही. "चुकलंय मी," एवढंच म्हणाला. मी म्हटलं, "तुजा काय चुकला? तू इचारलंस. तेना उत्तर दिल्यान."

दुसऱ्या दिवशी दुपारी आत्माराम आला. एकटाच. मालक बरोबर नव्हते. मी खळ्यात भाताची पेंढी बांधत होते. तो येऊन पडवीच्या पायरीवर बसला आणि बराच वेळ चपलेच्या अंगठ्याशी चाळा करत राहिला. दादा गोठ्यात होता.

"शेवंते," तो म्हणाला. "एक इचारू?"

"इचारा."

"सगळी तिका बाय म्हणत, ता कळला माका. पण नाव काय ठेवलेलंस?"

माझ्या हातातली पेंढी खाली पडली. इतकी वर्षं मी ज्याची वाट पाहिली होती ते शेवटी आलं होतं. उशिरा, वेड्यावाकड्या वाटेने, पण आलं होतं. कालचं सगळं मी तिथल्या तिथे विसरायला तयार झाले. माणसाला एकदम नसेल सुचलं, असं मीच त्याच्या बाजूने बोलायला लागले मनात. तिचं नाव माझ्या ओठावर आलं. बारशाला मी पाळण्यात वाकून तिच्या कानात सांगितलं होतं ते नाव. एवढंच नाही, ती कशी बोलायची, माशाचा काटा काढून दिला नाही तर कशी रुसायची, तेही सांगावं असं वाटलं.

"तसा नाय," मी गप्प बसलेली बघून तो म्हणाला, "सरांनी कुडाळाक मोठो खेळ ठरवल्यानी. तिकीट लावून. आनि ता कमलनयना हाकेक जड पडता. काल माझो श्वास तुटलो दोनदा. खरा नाव आसला तर हुंदको आपसूक येता बघ."

गोठ्यात चांदणी हंबरली. तिची धार काढायची वेळ झाली होती. मी त्याच्या डोक्यावरून तिकडे पाहिलं. दादा चरवी घेऊन दारात उभा होता.

"चांदणी," मी म्हणाले.

"चांदणी." त्याने तोंडात घोळवून पाहिलं. मग मान जरा वर करून, आवाज खाली ठेवून, हाक मारून पाहिली. "चांदणी... माझी चांदणी गं..." त्याच्या डोळ्यांत पाणीसुद्धा आलं. "वा. हाकेक बरा आसा. लांबवूक येता."

दादाने माझ्याकडे पाहिलं. मी पेंढी उचलली आणि बांधायला घेतली. दादा वळला आणि गोठ्यात गेला.

"मगे ट्रंक घेवन येव संध्याकाळी?" आत्मारामाने उठताना विचारलं.

"राजपार्टीची ट्रंक मालकांकडेच बरी," मी म्हणाले.

त्याने सदरा झटकला. मग वाटेला लागला. कुंपणाच्या दगडी गडग्यापर्यंत तो ती हाक वेगवेगळ्या सुरांत म्हणून बघत होता, ते मला ऐकू येत होतं.

संध्याकाळी दादा म्हणाला, मी आता त्याच्यासमोर राणी उभी करणार नाही. मी त्याला म्हटलं, उभी कर. तू नसलास तर तो तिचं नाव दुसऱ्या कुणाला तरी विचारील. दादाने विचार केला आणि हो म्हटलं. पुढे कंपनीने त्या आख्यानाचे गावोगाव खेळ केले. प्रत्येक खेळाला दादा बाकड्यावर बसायचा आणि डोळ्याची पापणी न हलवता सांगायचा, "चांदणी गेली, महाराज." माझ्यासाठी भावाने यापेक्षा जास्त काय करायचं?

कुडाळच्या खेळाहून परतल्यावर गुणाकाकी दुपारची माझ्या दारात आली. बसली नाही.

"शेवंते, चांदणी तुझी गाय मां?"

मी तिच्याकडे पाहिलं. मग रंगपटात ती यायच्या आधी मी काय ऐकलं होतं, ते सांगितलं. काकी उभ्या उभ्या ऐकत होती. सगळं ऐकल्यावर ती माझ्या उंबऱ्यावर बसली आणि तिने दोन्ही हातांनी डोकं धरलं. "आनि मी तुका तेका घरात घे म्हटलंय," ती म्हणाली. जाताना चार घरांत शिरून गेली. वाडीतल्या प्रत्येक बाईला बायचं खरं नाव ठाऊक होतं, आणि गायीचंही. त्या दिवसापासून आजपर्यंत एकीच्याही तोंडून ते बाहेर गेलं नाही. सरांना त्यांच्या महाकाव्यात निष्ठा सापडली होती. मला ती आमच्या वाडीत सापडली.

मग आमच्याच गावच्या जत्रेत तो खेळ आला. आत्मारामाचं तोवर मोठं नाव झालं होतं. चांदणीचा विलाप ऐकायला माणसं लांबून यायची. मांडवात पाय ठेवायला जागा नव्हती. राणीने प्रश्न विचारला. राजाने उत्तर दिलं. तलवार गळाली, बाकड्याला धरून तो खाली बसला आणि त्याने जीव ओतून हाक मारली.

"चांदणी! माझी चांदणी गं! एकदा तरी बापाच्या हाकेला ओ दे!"

आमच्या बाजूच्या सगळ्या बायकांनी पदर तोंडात धरले. माना खाली गेल्या, खांदे हलायला लागले. आत्मारामाने ते रंगमंचावरून पाहिलं. सगळी बायकांची बाजू हुंदके देते आहे असं वाटून त्याचा आवाज आणखी चढला. "कुठल्या रानात शोधू तुला?" तो म्हणाला, आणि दोघींपैकी कुणी मोठ्याने हसू नये म्हणून गुणाकाकीने मला जोरात चिमटा काढला. तिकडे राणीनेही पदरात तोंड लपवलं होतं. मीसुद्धा हसत होते. किती वेळ हसले ठाऊक नाही. पदर ओला लागला तेव्हा कळलं की हसू कधीच संपलं होतं.

सूड म्हणावा तर एवढाच. कुणाच्या अंगाला खरचटलंसुद्धा नाही.

आत्माराम मेला तो मालकांच्याच घरी. पेपरात त्याच्या विलापाबद्दल लिहून आलं होतं, असं कुणीतरी सांगितलं. दादाही गेला. मधली सगळी वर्षं आत्माराम खाडीपलीकडे होता, होडीने अर्ध्या तासावर. कधीतरी खेळ नसताना येईल, पायरीवर बसेल, आणि ती कशी दिसायची, काय बोलायची, एवढं विचारील, असं मला वाटत राहिलं. आला असता तर मी त्याला तिचं खरं नाव सांगितलं असतं. मला आजही सगळ्यात जास्त राग येतो तो मी सांगितलं असतं, याचाच.